लाइन बंद आहे

अकरा वाजता यादी लागणार होती.
पावणेअकराला शाळेच्या खांबावरचा जंपर जळाला
आणि शिपायानं मलाच फोन केला.
त्याला काय माहीत, मी फाटकापाशीच उभा,
महानंदाच्या शेजारी, सुट्टी टाकून,
इस्त्रीच्या शर्टात.

शर्ट काढून तिच्या हातात दिला.
पक्कड, हातमोजे डिकीत होतेच. शिडी शाळेची, बांबूची.
सबस्टेशनला कळवलं :
देगलूर रोड फीडर बंद घे, मी वर चढूलालो.

वरून उदगीर म्हणजे नेहमी पत्रे.
पत्र्यांवर दगड, टायर, एखादी एकटी चप्पल,
लांब किल्ल्याचा बुरूज.
आज नुसती डोकी.
रुमाल बांधलेली, पदर घेतलेली,
फायलीनं ऊन अडवणारी.
साठ जागा, अर्ज अकराशे बारा.
खाली असताना हा आकडा नुसता ऐकला होता.

बिरादार मॅडम स्वतः दुसऱ्या शाळेत शिकवतात,
मला इथं पाहिलं म्हणून कुणाला सांगू नका म्हणाल्या.
मुख्तारभाईंनी पोराचा गणवेश आधीच शिवून ठेवलाय.
नाही लागलं नाव तर?
"तर काय, उसवायला किती वेळ लागतो,"
म्हणाले, आणि सुई नसलेल्या बोटांनी
काहीतरी ओवत राहिले.
संस्थेत आपला माणूस आहे, असं महिनाभर सांगणारे केंद्रे
आज भिंतीला टेकून,
कुणालाच ओळखत नसल्यासारखे.

आणि महानंदा. माझ्या शर्टाची घडी घालतेय.
मोडतेय. पुन्हा घालतेय.
पेपरच्या आदल्या दिवशी लेकीला म्हणाली होती,
जमलं तर जमलं, माय, नाहीतर राहिलं,
आणि रात्री उशिरापर्यंत गहू निवडत बसली,
निवडलेलेच.

प्रांजली आली नाही. तुम्ही जा, म्हणाली.
एक गणित सोडून दिलंय, म्हणाली.
टाकी किती तासांत भरेल विचारलं होतं, पप्पा,
पण नळाला पाणी कोणत्या दिवशी येतं
ते दिलंच नव्हतं.

जंपर बसला. पक्कड खिशात गेली.
आता फोन काढून दोनच शब्द बोलायचे राहिले होते :
लाइन सोड.

बोललो नाही.
किती वेळ, ते सांगत नाही.
ऑपरेटरनं दोनदा विचारलं, झालं का?
म्हणलं, होऊलालंय.

तोवर कंप्युटर काळा होता.
तोवर अकराशे बारा लेकरं आत होती
आणि बाहेर कुणीच नव्हतं.
तोवर गणवेश पोराच्याच मापाचा होता.
थकबाकीसाठी मी रोज कुणाच्या तरी घरचा उजेड तोडतो,
बाया दारात उभ्या राहून तळतळाट देतात.
आज भर दुपारी, बेचाळीस डिग्रीत,
थोडासा अंधार
हातात धरून ठेवावा वाटला.

खालून महानंदानं वर पाहिलं.
बोलली काहीच नाही, ती मला फार ओळखते.
नुसता शर्ट उघडून पुढं धरला,
अंघोळीनंतर लेकराला बोलावतात तसा.

लाइन सोड, म्हणलं.

आत पंखा फिरला असावा.
प्रिंटरचा आवाज खांबापर्यंत येत नाही.
डोकी सगळी एकदम फाटकाकडं वळली,
वर कुणी पाहिलं नाही, बरंच झालं.

शिडीची वरून तिसरी पायरी कुजलेली होती.
चढताना ती दिसलीच नव्हती.
आत पहिला आवाज उठला,
रडण्याचा की आनंदाचा, वरून कळेना,
तेव्हा मी एक पाय हवेत सोडून
तिच्या खालची पायरी
शोधूलालो होतो.