डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार

बाटलीवर बारीक अक्षरांत छापलेलं असायचं:
लहान मुलांसाठी, डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार.
अंबाजोगाईत तेव्हा ती डॉक्टर म्हणजे मी,
आणि मला कुणीच काही सांगितलेलं नव्हतं.

नव्वद साल, पौषातली थंडी. घाटनांदूरचं सात महिन्यांचं लेकरू,
छाती घरघरणारी. चिठ्ठीवर अक्षर माझंच:
एक चमचा, तीनदा.
तिसऱ्या दिवशी आणलं तेव्हा झटके थांबत नव्हते.
आईनं पदराची गाठ सोडून चमचा पुढं धरला,
"येकच दिला बाई. तुमी म्हनल्या तेवढाच."
आमटी वाढायचा होता.
त्या रात्री मी सिरिंजनं त्यात पाणी भरत गेले.
पाचाला थांबायला हवं होतं.
चौदाला काठोकाठ झाला.

पुढं दर गुरुवारी ओपीडीच्या दाराला पाटी:
लेकरासोबत घरचा चमचाही आणावा.
बाया हसल्या, पण आणले.
जर्मनचे, पितळी, दांडा वाकलेले, काळ्या बुडाचे,
रुखवतातले, नाव कोरलेले,
चि. सौ. कां. इंदुमतीस मामाकडून.
तीनशे बारा. सगळ्यात लहान अडीच मिली, मोठा सोळा.
आमचा फार्मासिस्ट ताहेर सराफा गल्लीतून तराजू मागून आणायचा,
ब्लेडनं केलेल्या पाव गोळ्या एकेक करून तोलायचा.
चार तुकडे, चार भावांच्या वाटणीसारखे,
एकही दुसऱ्याइतका नाही.

पुण्याच्या परिषदेत एकानं विचारलं,
"मॅडम, यात संशोधन काय आहे?"
मी म्हणाले, "चमचा."

मग सत्यभामा केंद्रे, धारूरची अंगणवाडीताई.
तिला फिट यायच्या, आणि तिसरा महिना लागलेला.
"गोळी घेऊ का सोडू, तेवढं सांगा."
मी पुस्तक उघडलं. दुसरं उघडलं.
दोन्हीकडं एकच वाक्य:
पुरेशी माहिती उपलब्ध नाही.
पोटुशी बाई चाचणीत घेत नाहीत, तिच्या काळजीपोटी.
आणि चाचणीबाहेर तिची काळजी कुणी करायची,
ते त्या पानावर नव्हतं.
मी "सांगते" म्हणाले. आठ दिवसांनी ती
स्वतःच गोळी सोडून चुलीपुढं पडली.
हात भाजला. पोट वाचलं.

त्या हाताखातर लाल कापडाचं रजिस्टर आणलं,
सिस्टर कौसल्यानं त्यावर लिहिलं, पोटातली आणि मांडीवरली.
कुठली गोळी, कितव्या महिन्यात, लेकरू कधी बसलं,
कधी बोललं, शाळेत पाढे येतात का.
बावीस वर्षं. पत्रं, मग एसटीडी, मग मोबाइल.
सत्यभामाचा मुलगा आता परळीत जेसीबी चालवतो,
मला म्हणतो, "मॅडम, लिवा की, पाढे येत न्हाईत अजून.
पन त्यात गोळीचा दोष न्हाई."

रजिस्टरमध्ये मोकळ्या ओळीही आहेत.
गाव सोडून गेलेल्या. फोन न उचलणाऱ्या.
आणि एक, जिनं विचारलं,
"माझं लेकरू असं झालं ते त्या गोळीनं का?"
मी आकडे सांगितले.
आकडे बरोबर होते.
ती ऐकून घेत होती, माझ्याकडं न बघता.

आता सेवानिवृत्ती. कपाट रिकामं करायचंय.
चमचे ज्याचे त्याला केव्हाच परत केले.
एक राहिला. तिनं नेला नाही.
"घरात नगं," म्हणाली होती.
तो तक्त्यात नाही, कुठल्याच पेपरात नाही.
अभ्यास सुरू होण्याआधीचा म्हणून
नियमानुसार
मीच वगळला होता.