नाकाएवढं बटण

उमान्नाकला फेब्रुवारीत सूर्य परत आला
तेव्हा मासेमारी संघाच्या माडीवर
आमच्या भांडणाला तिसरा आठवडा लागला होता.
मी आणि पाविआ,
मध्ये एक फळा, दोन लॅपटॉप,
थर्मासमधली कालची कॉफी.

बर्फाची खबर देणारं ॲप करायचं होतं.
हॅलिबटसाठी गळ टाकायला फ्योर्डवर जाणाऱ्यांनी
जाता जाता कळवायचं,
इथे धरतो. इथे धरत नाही.
एवढंच.

पाविआ म्हणायचा, फ्लटर.
एकदा लिही, दोन्ही फोनांवर चालव,
पडद्यावरचा ठिपका न् ठिपका स्वतः रंगवतं,
कुणाच्या पाया पडत नाही.
मी म्हणायची, रिॲक्ट नेटिव्ह,
कारण ते मला येत होतं.
हे कारण मी फळ्यावर लिहिलं नाही.
नूकहून सल्लागार फोनवर म्हणाला,
स्विफ्ट वेगळं, कोटलिन वेगळं,
दोन घरं, दोन चुली, कटकट नाही.
त्याचं बिलही दोन चुलींचं होतं.

गुण देऊन पाहिले.
वेग. आकार. नेटवर्क नसताना साठवण.
पाच वर्षांनी हे जिवंत असेल का.
या शेवटच्या ओळीपुढे दोघांनीही प्रश्नचिन्ह काढलं,
ज्याने त्याने आपल्या बाजूला झुकतं.

शब्दांचं तर विचारूच नका.
आमच्या भाषेत शब्दाच्या मागे शब्द जुंपत जातात,
गाडीला कुत्रे जुंपावेत तसे.
डॅनिशमधलं 'पाठवा' बटणात निमूट बसतं,
आमचं कडेवरून ओसंडतं.
तिन्हींत ओसंडलं. तेवढीच समता.

शनिवारी बर्फावर गेलो. उणे चोवीस.
तीन नमुने एकाच फोनवर टाकून
ऊयूतच्या हातात दिला.
त्याने हातमोजा काढला नाही.
पूर्वी एकदा काढला होता,
डाव्या हाताची दोन बोटं तेव्हाच गेली.
त्याने फोन चेहऱ्याजवळ नेला
आणि नाकाने बटण दाबलं.

नाक दाबलं की तोंड उघडतं, हे ठाऊक होतं.
नाकाने दाबल्यावर ॲप उघडतं का,
हा रकाना आमच्या फळ्यावर नव्हता.

एक उघडलं, पण शेजारचंच बटण लागलं.
दुसरं उघडेपर्यंत त्याच्या श्वासाने काच धुरकटली
आणि धुरकट तशीच गोठली.
तिसऱ्याची पाळी येईतो बॅटरी
चाळिसावरून थेट शून्यावर.
कुठलं कुठलं होतं ते सांगत नाही,
पापं तिन्हींत आमच्याच हातची.

मग ऊयूत म्हणाला, बटणं दोनच?
तिसरं कुठाय?
कुठलं तिसरं?
इमाका.

हा शब्द आमच्याकडे हवामानाला लागतो,
बोटीच्या वेळेला, जावयाच्या वचनाला.
त्याला 'कदाचित' म्हणता आलं असतं,
पण त्यामानाने 'कदाचित' फारच ठाम आहे.

पाविआने माझ्याकडे पाहिलं.
खरं आणि खोटं
प्रत्येक साधन आईच्या पोटातून शिकून येतं.
तिसरं हाताने घडवावं लागतं,
कुठल्याही भात्यातली हत्यारं घ्या.

रात्री फळा पुसला. फ्लटर घेतलं.
का, ते धड सांगता येणार नाही.
पाविआचा आवाज मोठा होता, मी दमले होते,
आणि नाकाएवढी तीन बटणं
त्याने माझ्यासमोर दहा मिनिटांत काढली.
मग आठवडाभर चित्रं छाटली, फॉन्ट छाटले.
नाकापेक्षा मोती जड नको.

मार्चमध्ये नकाशावर पहिले ठिपके उमटले.
सदतीस.
त्यातले एकतीस इमाका.
सल्लागाराने लिहिलं, ही माहिती निरुपयोगी आहे.

ऊयूत त्या दिवशी एकतिसांनाही वळसा घालून,
चार तास जास्त गाडी हाकून,
रात्री दहाला परत आला.
कुत्र्यांपुढे माशांची डोकी टाकली,
काचेवरचा नाकाचा डाग न पुसता
फोन चार्जिंगला लावला.