नग एक

गेटपासवर एक रकाना असतो : मालाचं वर्णन.
पंप बॉडी, फ्लायव्हील, ब्रेक ड्रम,
काय असेल ते लिहायचं, वजन टाकायचं, सही.
मालनबाईंचा माल निघाला त्या दुपारी
वॉचमन पेन उघडून
माझ्याकडं बघत राहिला.

उद्यमनगरात बाई पहिल्यांदा दिसल्या
त्या आमच्या रिजेक्शनच्या ढिगाशी.
थंड होताना चिरलेला, वाळू धरलेला,
भोक पडलेला जॉब आम्ही तिथं फेकतो.
पोरांना वाटलं, भंगारवाली.
बाईंनी एक फुकट गेलेला व्हॉल्व्ह उचलला,
ब्लो-होलमध्ये करंगळी घातली
आणि विचारलं, 'हे कुणी केलं?'
'केलं न्हाई बाई, झालं. गॅस अडकला आत.'
'मग मला अडकवून द्याल का? मोठा?'

बावीस वर्षं मोल्डर मी.
गॅस बाहेर काढायचा, एवढंच शिकलेलो,
तेही उस्तादाच्या कानफटीत खाऊन.

भट्टी तापेपर्यंत बाई कपबशीतला चहा
बशीत ओतून तसाच ठेवायच्या. साय धरायची.
वडणगेकर कुंभाराची पोर, बापट कॅम्पातली.
अकरा वर्षांची होती तेव्हा
पंचगंगा घरात आली, चार दिवस राहिली.
मांडणीवर दीडशे गणपती, कच्चे, शाडूचे.
पाणी उतरलं तेव्हा सोंडा नव्हत्या,
हात, मुकुट, कान, काही नव्हतं.
उरलं होतं ते नुसतं बसलेलं.
'अण्णा डोक्याला हात लावून बसलेला,
आई चिखल उपसत होती,
आणि मला, दस्तगीरभाई, बोलू नये,
पण मला ते आदल्या दिवसापेक्षा बरे दिसले.'
हे घरात कुणाला सांगितलं नाही.
पुढं वीस वर्षं गणपतींचे डोळे तिनंच आखले.
हात स्थिर होता म्हणून.
बाप गेला त्या साली ब्रश धुऊन ठेवला.

एका चेअरमननं वडिलांचा पुतळा सांगितला होता,
कारखान्याच्या दारात उभा करायला.
बाईंनी एक पाठ करून दिली.
नुसती पाठ, ऊस तोडताना वाकते तशी.
'मिशा कुठायत?' चेअरमननं विचारलं.
बाई म्हणाल्या, 'पलीकडच्या बाजूला.'
पलीकडं जाऊन बघितलं बिचाऱ्यानं.
ती पाठ परत आली. अजून आमच्या अंगणात आहे,
हमाल तिच्यावर बसून डबा खातात.
बाईंना कळलं तेव्हा खूश झाल्या,
त्या महिन्यात तेवढीच खुशी.
भाडं थकलेलं, नवरा कधीच सांगलीला गेलेला,
प्रदर्शनात लोक यायचे, विचारायचे,
हे आहे काय? आणि किती किलोचं?

मोठ्या कामाला व्हेंट ठेवायचे नाहीत म्हणाल्या.
पहिला साचा फुटला.
दुसऱ्यात माझी डावी भुवई जळाली.
ती आता अशीच आहे, अर्धी.
मालक म्हणाले, बास.
तिसऱ्याला बाईंनी पदर खोचला,
त्रेसष्टाव्या वर्षी रॅमर घेऊन
माझ्या बरोबरीनं वाळू कुटली.
लोखंड ओतलं, आत काहीतरी गुरगुरलं,
आम्ही सगळे मागं सरकलो,
बाई नाही सरकल्या.

तीन दिवसांनी साचा फोडला.
काळं, फुगीर, एका अंगाला खचलेलं,
वर जळकी वाळू. घासू दिली नाही.
मधल्या भोकात मी कोपरापर्यंत हात घातला.
आत अजून ऊब होती,
आणि माझा हात कुठंच टेकला नाही.

तर त्या दुपारी टेम्पो गेटवर.
बाई पुढं ड्रायव्हरशेजारी,
मांडीवर पिशवी, पिशवीत केळी.
मी पेन घेतलं. वजन दोनशे अकरा किलो.
मालाचं वर्णन : नग एक.
वॉचमननं तरी वाकून टॉर्च मारला.
'आत काय न्हाई की हो.'
'व्हय,' म्हटलं. 'सही कर.'