बोट वर करा

सकाळी गाडी शहाणी असते.
सावद्याच्या केळीच्या ट्रकांना मागे टाकत जाते.
दुपारी, खिरोदा सुटून पालचा चढ लागला
की पाय अगदी तळाला,
आणि गाडी कुठेतरी दुसरीकडेच बघत असल्यासारखी.
मागे काळा धूर. डॅशबोर्डवर एकही दिवा नाही.
डिकीत माझं ऑडिओमीटर, दोन पेट्या कानयंत्रं,
पुढे पालच्या शाळेत बाकांवर ताटकळलेली माणसं.
मग काही न सांगता जोर परत येतो.

जळगावच्या शोरूमने संगणक लावला. कोड नाही.
फिल्टर बदलला, पेडलचा सेन्सर बदलला,
ईजीआर धुतला म्हणून चार हजार दोनशे.
चालवून बघितली तर काही नाही.
तिथला पोरगा माझ्याकडे असा बघत होता
जसे घरचे बघतात माझ्या पेशंटकडे:
हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं हिला.

रुबाब तडवीने आधी बॉनेट उघडलंच नाही.
टायरवर बसून विचारत राहिला.
एसी चालू असताना? चढालाच की सपाटीलाही?
धूर काळाच ना, पांढरा नाही?
शेवटी म्हणाला,
"कधी होत नाही, ते सांगा व ताई."
अठरा वर्षं मी कान तपासते,
हा प्रश्न मला सुचला नव्हता.

मग ठिबकची उरलेली बारीक नळी आणली.
एक टोक टर्बोच्या रबरी पाइपाशी तारेनं बांधलं,
दुसरं खिडकीतून आत,
उजव्या कानात.

चव्वेचाळीस डिग्री. घाटात डांबर मऊ.
मी सवयीनं बोलून गेले,
आवाज आला की बोट वर करा.
तो हसला. बोट मांडीवर तयार ठेवलं
पहिलीतल्या पोरासारखं.

दुसऱ्या वळणाला गाडी पडली.
मला ऐकू आलं, बॉनेटखालून, बारीक,
शिट्टी न येणाऱ्यानं वाजवलेली शिट्टी.
बोट मांडीवर.
पुढच्या चढाला पुन्हा. बोट मांडीवर.
मी म्हटलं, नळी डाव्या कानात घालून बघा बरं.
या वेळी बोट वर गेलं,
मग सगळा हात.

पानं झडलेल्या सागाखाली जेवढी सावली होती तेवढ्यात
त्यानं पाइपाच्या पोटाखाली बोटं फिरवली,
काळी, तेलकट, धुळीसकट बाहेर काढली.
नखाएवढी फट. उभ्या गाडीत मिटून राहते.
रबर तापलं, हवेचा दाब चढला,
की ओठासारखी उघडते.
"थंडीत आणली असती, तर मलाबी घावली नसती."
जुन्या ट्यूबची पट्टी, दोन क्लॅम्प.
पाल गाठाल म्हणाला. नवा पाइप भुसावळहून.

उजव्या कानाचं कधीपासून?
"उजव्या कानाचं काय?"
काही वेळानं: कॉम्प्रेसर त्याच बाजूला,
सत्तावीस वर्षं.
"ऐकू येतं की सगळं.
नात बारीक बोलते, तेवढंच."

यादीत बावीस नावं होती.
तेविसावं मी पेन्सिलीनं लिहिलं,
त्याला न विचारता.

तिसऱ्या गिअरमध्ये गाडीनं चढ धरला, सोडला नाही.
आरशात तो दिसत होता, परतीसाठी उभा.
काळीपिवळी त्याच्या पाठीशी येऊन थांबली,
हॉर्न दिला, पुन्हा दिला.
तो माझी गाडी ऐकत होता,
मान वाकडी करून,
डावा कान पुढे.