खळ

पानामागे चाळीस रुपये, कसर लागलेली असेल तर तीस.
लष्करात मोडी वाचणारे आता आम्ही तिघंच,
त्यातल्या एकाला मोतीबिंदू.

हा रुमाल शके सतराशे ऐंशीचा.
कापड विटलंय. गाठ मात्र सैलसर,
बांधणाऱ्याला उद्याच सोडायची असावी तशी.

वैशाख वद्य चतुर्थीपर्यंत कीर्द सुरळीत चालते.
हत्तींचा चारा. तोफखान्याचं तेल.
गोरखीच्या देवघरात समया सात.
मग बोटाला एक पान जाड लागतं.
एक नव्हे, नऊ, एकमेकांना चिकटवलेली.
त्यापुढे थेट ज्येष्ठ शुद्ध नवमी:
हत्तींचा चारा. तोफखान्याचं तेल. समया सात.
मधे कुणी कुणावर बंदूक रोखलीच नाही जणू.

मी चहाच्या किटलीची वाफ दिली.
नियमात बसत नाही हे. पण काजळाची शाई
वाफेला दाद देत नाही, खळ देते.
दीडशे वर्षांची कणीक पुन्हा ओली झाली,
तिला घरातला वास आला.

आत विसाजी त्रिंबक कारकुनाचं अक्षर, जरा घाईचं.
*धनी गावात नाहीत. खजिना उघडला.*
कोणाच्या हुकुमाने, तिथे जागा कोरी.
रामदीन तिवारी, मुरारची पलटण:
तुंबलेला पगार तीन महिन्यांचा, वर खुशीचा दोन.
मीर करामत गोलंदाज, तेवढाच.
यशवंता धायगुडे बारगीर, पावला.
त्याचा भाऊ सुभाना धन्यामागे आग्र्याच्या वाटेला लागलेला,
त्याच्या नावापुढे शून्यही नाही. नुसतं टिंब,
बोरू टेकवून उचलल्यासारखं.

अष्टमीनंतरचे कागद वेगळ्या गाठोड्यात आहेत.
राज्य पुन्हा उभं करायचं तर आधी
माणसं मोजावी लागतात.
कोण होतं, कोण नव्हतं, जामीन कोण.
रामदीन बट्टेखाती. करामत बट्टेखाती.
बाकीच्यांचे जबाब मी एकापाठोपाठ एक वाचत गेले:
तापाने पडून होतो. तापाने पडून होतो.
सासुरवाडीस होतो, तिथे ताप आला.
अठरा दिवस अख्ख्या लष्कराला ताप,
आणि वैद्याच्या नावे एका काढ्याचाही खर्च नाही.
हे दरबाराला कळलं नसेल?
कळलं असणार. पागा रिकामी होती,
घोड्यांना तर कुणीतरी हवंच होतं.

यशवंता धायगुडे, ताप.
जामीन: सख्खा भाऊ सुभाना. निशाणी कट्यार.
कट्यारीचं टोक कागदातून आरपार गेलंय.
रागाने, की हात लिहिण्याचा नव्हता म्हणून,
ते मोडीत लिहिलेलं नाही.

विसाजीपंतांना हुकूम होता, मधले कागद जाळावे.
त्यांनी खळ शिजवली.
का, ते नवव्या पानाच्या तळाशी कळलं मला,
समासात, मुंगीएवढ्या अक्षरात:
*खुद्द कारकून, आठ रुपये, पावले.*
स्वतःला वगळलं नाही त्यांनी.
जाळलं असतं तर भावांसकट हेही गेलं असतं;
उघडं ठेवलं असतं तर
सकाळी दारात शिपाई.

संध्याकाळी साहेबांनी विचारलं,
"ताईजी, कितना पढ़ा गया?"
टेबलावर खळीचे पापुद्रे पडलेले,
त्यांना मुंग्या लागलेल्या.

बिलात मी नऊ पानं धरली.
शेऱ्याचा रकाना बराच वेळ कोरा ठेवला.
मग लिहिलं: वाचता येतात.