सोडचिठ्ठी

जळगावच्या झांबरे डॉक्टरीणबाईंनी
भिंगातून माझा गाल पाहिला
आणि विचारलं, ही ट्यूब कोणी दिली?
मेडिकलवाल्याने.
किती वर्षं लावताय?
भाचीच्या हळदीपासून.
भाचीला आता दोन मुलं आहेत.

त्यांनी कागद ओढला.
मला वाटलं, चार गोळ्या, एक मलम, झालं.
पण त्या लिहीत गेल्या
नुसतं सोडा, सोडा, सोडा.
औषध म्हणून एकच पांढरं मलम,
तेही बिनवासाचं.
खाली सही, शिक्का.
तीनशे रुपये मोजून
मी सोडचिठ्ठी घेऊन जिना उतरले.

मी चोपडा आगाराची वाहक.
सोडणं मला नवं नाही.
दोरी ओढली की साकळी सुटतं,
किनगाव सुटतं, अडावद सुटतं.
हनुवटीवरून हात तेवढा सुटत नाही.
मशीनमधून तिकीट निघेपर्यंतच्या दोन सेकंदांत
नख बरोबर तिथंच जातं
जिथं काल कुठं खपली धरली होती.

रुमाल एकच.
त्यानेच घामेजल्या नोटांची बोटं पुसायची,
सीटवरची धूळ झटकायची,
आणि त्यानेच तोंड.

यावलच्या मळ्यांत केळीच्या घडालाही
पिशवी चढवतात.
डाग पडला की व्यापारी भाव पाडतो.
मी मात्र मे महिन्याच्या दुपारी
दारात उभी, उघड्या तोंडाने,
शेवटच्या माणसाला आत ओढत.
रात्री कढत पाणी. मेमध्येसुद्धा.
कढत नसलं तर धूळ निघाल्यासारखी वाटत नाही.
अंगाला धुण्याची वडी.
आणि वजरी.
वजरी टाचेची असते, ठाऊक आहे मला,
पण पाहायला आले होते तेव्हा
त्यांच्यातल्या एका आत्याबाईने
पदर सरकवून माझी मान पाहिली होती.
वीस वर्षं झाली.
आत्याबाई वारल्या.
मी मान घासतच होते.

ट्यूब सोडली आणि तोंड पेटलं.
डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पेटेल,
पण सांगणं वेगळं.
कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी,
वारा लागला तरी चुरचुरायची.
धानोऱ्याला चढलेली म्हातारी म्हणाली,
तोंडले काय व्हयनं वं बाई?
मी म्हटलं, पुढं सरका.
एकदा फैजपूरच्या थांब्यावर
खिशातली जुनी ट्यूब पुन्हा उघडलीसुद्धा.
वास घेतला. बंद केली.
घरी येऊन कचऱ्यात टाकली.

मोतीराम ड्रायव्हर काही बोलला नाही.
दुसऱ्या दिवशी माझ्या सीटच्या खिडकीला
त्याचा ओला टॉवेल बांधलेला होता.
चोपडा येईस्तोवर वाळून कडक झाला.
परतीला त्याने तो पुन्हा भिजवला.

दुसऱ्या महिन्यात कधीतरी कातडी निवली.
गोरी नाही, निवली.
बाथरूमच्या दांडीवर आता दोन रुमाल असतात,
वजरी टाचेपाशी थांबते,
पाणी कोमट. कोमट पाण्याची चीड येते अजून.

आणि काल रात्री
हर्षाली बारावीचं गणित सोडवत बसली होती,
उजव्या हातात पेन,
डाव्या हाताचं नख हनुवटीवर.
काय करी ऱ्हायनी तू? मी ओरडलेच.
ती दचकली.
काही नाही, म्हणाली,
विचार करतेय. तुझ्यासारखा.

तिच्या कंपासपेटीत ती ट्यूब होती,
मीच फेकलेली,
तळापासून नीट गुंडाळत आणलेली
टूथपेस्टसारखी.

मी रागावले नाही. रागवायला तोंड कुठून आणू?
कागद काढून दोघींनी वाचला.
ती एका ओळीवर हसली,
एका ओळीवर गप्प झाली, ती कुठली ते सांगणार नाही.
मग नेलकटर शोधलं.
आधी तिची दहा, मग तिने माझी.
अंगठ्याचं नख जाड, दोनदा दाबावं लागलं.

दिवेलागणीनंतर नखं कापू नयेत म्हणतात.
तेही सोडलं.