डावा हातमोजा

माझी मावशी नेलिदा
रोसारिओच्या अल्बोरादा थिएटरात
एकवीस वर्षं बॅटरी धरून उभी होती.
उशिरा येणाऱ्यांना खुर्ची दाखवायची,
हातावर पडलेलं नाणं खिशात टाकायचं,
पुन्हा दारावरच्या मखमली पडद्याशी.

त्यामुळे खून तिला कधी दिसलाच नाही.
खून होतो पहिल्या दहा मिनिटांत,
आणि पहिली दहा मिनिटं म्हणजे
ओले ओव्हरकोट, पुटपुटलेल्या माफ्या,
कुणाचा तरी चिरडलेला अंगठा.
ती मोकळी होऊन वळायची तोवर
प्रेतावर चादर आलेली असायची
आणि सगळे खोटं बोलायला लागलेले.

"मला बाई तिथूनच आवडतं."

रंगीत सिनेमाचं तिला काही सांगू नका.
रंग चुगलखोर असतो, म्हणते,
लाल दिसलं की कळलंच.
इथं रक्त आणि कॉफी एकाच भांड्यातली,
शाई, नदी, त्या बाईचे ओठ,
कोण कशानं काळं झालंय
ते तुझं तू ओळखायचं.

जिन्यावर आधी सावली येते, माणूस नंतर.
माणूस बहुधा सावलीपेक्षा बुटका निघतो.
हॅटच्या कडेखाली अर्धाच चेहरा,
उरलेला आपण पदरचा घालायचा.
म्हणून तर खेळ सुटल्यावर
ट्रामच्या थांब्यावर कॉलर वर करून उभे असायचे
कारकून, खाटीक, दातांचे डॉक्टर रिगान्ती,
आणि काडी पेटवताना ओंजळ करायचे
वारा नसला तरी.

चोपन्न सालच्या जुलैत, कडाक्याच्या थंडीत,
चौदाव्या रांगेत तिला हातमोजा सापडला.
बायकी. डावा. मनगटाशी मोत्याचं बटण तुटलेलं.
बॅटरीच्या उजेडात राखाडी.
दुसऱ्या दिवशी गल्लीत नेऊन पाहिला तर पिवळा,
पिकल्या लिंबासारखा धडधडीत पिवळा,
आणि तिचा विरसच झाला.
पुन्हा आत नेला. पुन्हा राखाडी.
मग बरं वाटलं.

त्या हिवाळ्यात तिनं सिनेमा कमी पाहिला, हात जास्त.
तिकीट पुढं करणारे, केस सावरणारे,
अंधारात शेजारच्या गुडघ्यावर विसावलेले
आणि बॅटरी फिरली की दचकून माघारी येणारे.
वहीत लिहायची:
नववी रांग, सहावी खुर्ची, अंगठीचा वळ आहे, अंगठी नाही.

सप्टेंबरात एक गृहस्थ आले.
सगळे गेल्यावर. हॅट काढून.
खिशातून उजवा हातमोजा काढून त्यांनी टेबलावर ठेवला,
आजारी पाखरू ठेवावं तसा,
आणि विचारलं, याचा जोडीदार इथं कधी...

नाही, मावशी म्हणाली.
हरवल्या वस्तूंची पेटी उघडूनसुद्धा दाखवली:
दोन छत्र्या, एक जपमाळ, कुणाची तरी कवळी.
पापणी लवली नाही.
मोजा तेव्हा तिच्या गणवेशात होता,
बॅटरीच्या खिशात, घडी घातलेला.

का, मी विचारलं.
नवरा होता का तो? रडत होता का?
"त्याचे हात थरथरत नव्हते," ती म्हणाली.
आणि बऱ्याच वेळानं,
"माझेही नव्हते."

आता ती नव्वदीला टेकली आहे.
शनिवारी रात्री मी जुना सिनेमा लावतो,
दिवे घालवतो. आता कुणी उशिरा येत नाही,
सुरुवात बघायला तिला कुणाची आडकाठी नाही.
पण नावं सुरू झाली की ती उठते,
स्वयंपाकघरात मातेसाठी पाणी ठेवते,
ते उकळू नये म्हणून शेजारी उभी राहते, पाठमोरी.

हातमोजा कुठं आहे मला ठाऊक नाही.
एकदा ती दवाखान्यात असताना
तिच्या कपाटापर्यंत गेलो होतो.
किल्ली दारालाच होती.
मी परत आलो.

"झाला का रे?" आतून आवाज येतो.
झाला, मी म्हणतो, आत्ताच.
ती किटली घेऊन येते, चष्मा पुसते,
खुर्चीत बसता बसता विचारते,
"खोटं कोण बोलतंय पहिलं?"